दोन्ही हातांची जादू

जगातल्या तमाम घाबरट माणसांची सभा भरवली, तर अध्यक्षपद आमच्या बसमधल्या सेफ्टीसाहेबांना बिनविरोध मिळेल. फक्त सभागृहाला बाहेर पडायचे दोन दरवाजे आहेत का, हे बघितल्याशिवाय ते आत पाऊल टाकणार नाहीत, आणि एकच दरवाजा निघाला तर अध्यक्षीय भाषण बाहेर अंगणात उभं राहून करतील. भोसरीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये मी बरीच वर्षं जाते आहे. मी स्टोअर्सला, ते सेफ्टी ऑफिसर. मधल्या वाटेच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते, असा आमचा रोजचा शेजार. घरच्या माणसांशी मी आयुष्यात जेवढं बोलले असेन, त्याहून जास्त या माणसाचं ऐकलं आहे, आणि त्यातलं निम्मं तरी 'ताई, कोपर खिडकीच्या आत घ्या' हेच असेल.

बसमध्ये चढले की ते आधी ड्रायव्हरच्या मागचं आग विझवायचं लाल सिलिंडर पालथं करून त्यावरची तारीख वाचत. कालच वाचलेली असली तरी आज वाचत, जणू रात्रीतून ती कोणी बदलली असावी. मग आपत्कालीन खिडकीचा खटका ओढून बघत. मग सीटवर बसून समोरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरत आणि तो चाकण येईपर्यंत सोडत नसत. आमचे ड्रायव्हर बबनभाऊ मोशीकडच्या जुन्या शेतकरी घरातले. त्यांनी सुरुवातीला हा सगळा प्रकार मनाला लावून घेतला होता. "सायब, आमी वीस वरसं गाडी चालवतोय, तुमाला आमचा भरोसा न्हाई व्हय?" असं त्यांनी एकदा विचारलं. साहेब म्हणाले, "तुमच्यावर आहे हो बबनभाऊ. समोरून येणाऱ्यावर नाही." त्यानंतर बबनभाऊंनी तो विषय काढला नाही. उलट कधी साहेब तारीख वाचायचे विसरले, तर तेच आरशातून बघत, "सायब, आज नळकांडं र्‍हायलं," अशी आठवण करून देत.

लग्नकार्यात तर या माणसाला बोलवावं की नाही, हा प्रश्नच होता. माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता पडत होत्या, तेव्हा हे मुदपाकखान्यात आचाऱ्याला गॅसची टाकी शेगडीपासून लांब सरकवायला लावत होते. आचारी चिडून म्हणाला, "काका, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?" हे म्हणाले, "मी दोन्हीकडच्यांचा, म्हणूनच सांगतोय." आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा गिझरची वायर बघून त्यांनी चहाला नकार दिला. इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत ते आमच्या पोर्चमध्ये उभे होते. देहूला गेले तर इंद्रायणीच्या घाटावर इतके मागे उभे राहत, की त्यांचा नमस्कार नदीपर्यंत पोचत असेल की नाही, याची मला शंका आहे. शेअर रिक्षात चौथा माणूस बसायला आला की हे उतरत आणि पायी निघत. असा माणूस फावल्या वेळात काय करत असेल, असं कोणी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं की विम्याची कागदपत्रं वाचत असेल. पण हा माणूस कादंबरी लिहीत होता, आणि तीही जादूची.

कादंबरीची नायिका रानू नावाची पोर होती. धुरकट डोंगरांच्या राज्यात राहणारी, अठरा-एकोणीस वर्षांची. तिच्या हातात जन्मतःच जादू, पण ती वापरायची कशी हे तिला कोणीच शिकवलेलं नाही. रागावली की शेजारचं लोखंड वितळे, हसली की विहिरीचं पाणी वर येई. हे वाचायला कागद आमच्यापैकी कोणालाच मिळाले नाहीत. साहेब ती कादंबरी रोज सकाळी बसमध्ये तोंडी सांगत. रात्री लिहिलेलं सकाळी सांगायचं आणि आमची तोंडं बघून पुन्हा लिहायचं, अशी त्यांची पद्धत. सुरुवातीला मी आणि मागच्या सीटवरचा पेंट शॉपचा निखिल एवढेच श्रोते होतो. पुढे हळूहळू अख्खी बस कानातल्या वायरी काढून ऐकू लागली. बबनभाऊ तर रानू संकटात सापडली की गाडीचा वेग कमी करत, म्हणजे चाकण यायच्या आत ती सुटावी.

अडचण एकच होती. वर्ष उलटलं तरी रानूने एकदाही मंत्र म्हटला नव्हता. म्हणजे ती म्हणायला जाई, पण लेखकाला धीर होत नसे. ज्या म्हाताऱ्या जादूगाराकडे ती शिकायला गेली, त्याच्या गुहेभोवती जमिनीवर पिवळा पट्टा आखलेला होता. पट्ट्याच्या आत यायचं तर आधी डोक्यावर लोखंडी टोप घालायचा. रोज सकाळी गुहेच्या तोंडाशी सगळ्या शिष्यांनी रांगेत उभं राहून आज कोणकोणते धोके आहेत ते मोठ्याने म्हणायचे. उडत्या सतरंजीला साहेबांनी कडेने कठडा बसवला होता. राज्यातल्या एकुलत्या एका अजगराच्या तोंडाला जाळी होती आणि ती काढायची परवानगी फक्त दोन वरिष्ठ जादूगारांच्या सहीने मिळे. निखिल एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, राव, ही जादूची शाळा आहे का आपली कंपनी? त्या पोरीला एकदा तरी मंत्र म्हणू द्या ना." साहेब गंभीरपणे म्हणाले, "ट्रेनिंग पूर्ण नाही झालं तिचं." आणि दांडा आणखी घट्ट धरून बाहेर बघत बसले.

आणि मंत्र म्हणायची रीतही त्यांनी ठरवून टाकली होती. गुहेत दोन दगडी खांब, एकमेकांपासून लांब. रानूने दोन्ही हात पसरून दोन्ही खांबांवर एकाच वेळी तळवे टेकवायचे, तरच मंत्र चालणार. एक हात उचलला की जादू जागच्या जागी थांबणार. पुण्यातल्या एका प्रकाशकांना ते हे प्रकरण वाचून दाखवायला गेले होते. प्रकाशकांनी विचारलं, "दोन्ही हात कशाला? जादूगार एका हाताने छडी फिरवतात की." साहेबांनी दुसऱ्या दिवशी बसमध्ये हे सांगितलं, तेव्हा आमची सगळी बस त्या प्रकाशकांना हसली. आमच्यापैकी एकालाही तो प्रश्न कधी पडला नव्हता. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय वरचा घण खाली येत नाही. म्हणजे घण खाली येतो तेव्हा माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, घणाखाली नसतात. इतकं साधं आहे ते. भयंकर शक्तीची कुठलीही गोष्ट दोन्ही हातांनीच करायची, यात विचारायचं काय, असं आम्हाला वाटलं होतं.

हसून झाल्यावर मात्र सगळ्यांची नजर दांड्यावरच्या साहेबांच्या हातांकडे गेली. साहेबांच्या डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. परभणीकडून ते भोसरीत आले तेव्हा रानूच्याच वयाचे होते. एका लहानशा वर्कशॉपमध्ये कोणी काही न शिकवता त्यांना थेट प्रेसवर उभं केलं. माल लवकर निघावा म्हणून आधीच्या माणसाने एका बटणात लाकडाची काडी ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं होतं. मशीन असंच चालवायचं असतं, असं या पोराला वाटलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बोटं गेली. पुढे त्यांनी नोकरी करत करत सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि उरलेलं आयुष्य लोकांच्या बटणांतल्या काड्या उपसण्यात घालवलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना आवाज अजिबात हलला नाही. माझा मात्र हात आपोआप माझ्या दुसऱ्या हाताची बोटं चाचपत होता.

त्यांना एकच मुलगी. डिप्लोमा झाल्यावर तिने ऑफिसची एक बरी नोकरी सोडली आणि चाकणच्या एका मोठ्या प्रेस शॉपमध्ये ट्रेनी म्हणून नाव घातलं. बापाने आकाशपाताळ एक केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, जगभरच्या लोकांना तुम्ही शिकवता. मग मला शिकवा की." मग घरात शिकवणी सुरू झाली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन टोकांना दोन वाट्या पालथ्या घालून ते तिला सराव करायला लावत. दोन्ही तळवे वाट्यांवर, नजर समोर, मान वळवायची नाही. मोबाईल लॉकरमध्ये, ब्रेकपर्यंत हात लावायचा नाही. त्यांची बायको म्हणे, "अहो, मला कणीक मळायला ओटा द्याल का?" ते दिवस रानूचेही वाईट गेले. म्हाताऱ्या जादूगाराने तिला गुहेच्या दारातूनच रोज परत पाठवलं.

ज्या दिवशी मुलगी पहिल्यांदा मशीनवर उभी राहणार होती, त्या दिवशी तिची सकाळची पहिली शिफ्ट होती, म्हणजे ती आमच्या आधीच कामाला लागलेली. साहेब नेहमीप्रमाणे चढले, पण सिलिंडरची तारीख वाचली नाही. बबनभाऊंनी आरशातून बघितलं, पण आज आठवण करून दिली नाही. नाशिक रोडवर नेहमीसारखीच कोंडी होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, गाडी जागची हलेना. तेवढ्यात निखिलचा फोन वाजला. कुठल्याशा ग्रुपवर आलेला मेसेज त्याने अर्धा मोठ्याने वाचला आणि मग मधेच थांबला. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये सकाळी एका नव्या ट्रेनी मुलीचा हात मशीनमध्ये सापडला, असा तो मेसेज होता. कंपनीचं नाव नव्हतं. मुलीचंही नाव नव्हतं.

मला त्या क्षणाची आठवण आजही नको वाटते. या माणसाला मी कोपराला, वायरीला, चौथ्या प्रवाशाला घाबरताना पाहिलं होतं. लहान भीतीला ते नेहमी बोलके होत. ही भीती मात्र मोठी होती. दोन्ही तळवे त्यांनी समोरच्या दांड्यावर लांब लांब टेकवले, अगदी वाट्यांवर टेकवावेत तसे. मी माझा फोन काढला आणि म्हटलं, "नंबर सांगा, मी लावते." त्यांनी मान जोरात हलवली. "ताई, नको. फोन नका करू."

"अहो, तिचा आवाज तरी ऐकू."

"लॉकरमध्ये ठेवला असेल तर वाजून उपयोग नाही. आणि समजा माझं न ऐकता खिशात ठेवला असेल, तर? वाजला आणि लेकरानं मान वळवली तर?"

मी फोन परत पर्समध्ये ठेवला. निखिल त्याच्या ओळखीच्या एकाला लावत होता, तो उचलत नव्हता. मुलीच्या कंपनीच्या गेटवरचा नंबर सारखा बिझी लागत होता, आणि तो का बिझी असेल हे प्रत्येकाच्या मनात येत होतं. बबनभाऊ वळून म्हणाले, "सायब, गाडी तिकडंच घालतो. कोन काय म्हनायचं ते म्हनू द्या." पण घालणार कुठून? चहूबाजूंनी ट्रक होते. तिचा चहाचा ब्रेक होईपर्यंत काहीही कळणार नव्हतं, आणि हा नियम बापानेच तिला घोटून घोटून शिकवला होता.

गाडी तसूभर सरकली आणि पुन्हा थांबली. मग निखिलच हळूच म्हणाला, "साहेब, रानू काल गुहेच्या दारात होती." मला त्याचा राग आला. ही काय वेळ आहे, असं मी म्हणणार तोच साहेबांनी सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्याने रानूला आज अडवलं नाही, असं ते म्हणाले. तो दारातून बाजूला झाला. रानूने टोप घातला, पिवळा पट्टा ओलांडला. दोन खांबांच्या मधे उभी राहिली. म्हातारा पट्ट्याच्या बाहेर थांबला, कारण आत एकालाच जाता येतं. "त्याला तिचा हात धरायचा होता," साहेब म्हणाले, "पण हात धरायचा कुठला? दोन्ही हात खांबांवर. धरायला तिच्याकडे हात शिल्लकच नाही." मग रानूने मंत्राचा पहिला शब्द म्हटला. दुसरा म्हटला. वर्षभर आम्ही ज्यासाठी त्यांच्या मागे लागलो होतो ते घडत होतं, आणि मला ते नको होतं. बसमधल्या कोणालाच नको होतं. गुहा कशी हादरायला लागली, वरचा दगड कसा सरकायला लागला, हे ते सांगत होते आणि त्यांच्या हाताच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. एकदा त्यांचा डावा तळवा घामाने घसरला, तेव्हा मागे कोणीतरी हुंदका दिला.

फोन वाजला तेव्हा त्यांना तो खिशातून काढता येईना. हात दांड्यावरून सुटतच नव्हते. शेवटी मीच उठून त्यांच्या खिशातला फोन काढला आणि कानाला लावून दिला. मुलीचा आवाज मलाही ऐकू आला. "बाबा, ब्रेक झालाय. चहा घेतेय. आईचा मेसेज आलाय, ओरडतेय, तुम्ही डबा विसरलात."

साहेबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कप दोन्ही हातांनी धर."

बसमध्ये एकच गलका झाला. निखिलने बबनभाऊंना मिठी मारली, बबनभाऊंनी कोंडीत उभ्या गाडीचा हॉर्न उगाचच वाजवला. मी तोंड खिडकीकडे करून रडून घेतलं. एवढा आनंद मला माझ्या मुलाच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. सगळे बोलत होते, हसत होते, आणि त्या गडबडीत साहेब माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "ताई, मग ती पोर कोणाची होती?"

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. साहेबांनी सेफ्टीवाल्यांच्या ओळखीतून दुपारपर्यंत हॉस्पिटल शोधून काढलं होतं आणि अर्धी रजा टाकून तिथे गेले होते. हात सापडलेली ती मुलगी हिंगोलीकडची होती. भोसरीत आणखी तिघींबरोबर खोली करून राहायची. आईवडील गावाहून निघाले होते, पण पोचायला अवकाश होता. डावा हात मनगटापासून गेला होता. साहेब तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिले. मग त्यांनी तिला रानूची गोष्ट सांगितली. पिवळा पट्टा, लोखंडी टोप, दोन खांब, सगळं. ती मन लावून ऐकत होती. खांबांपाशी आल्यावर तिने विचारलं, "काका, मग एक हात गेला तर तिची जादू संपती का?"

"मला उत्तर देता आलं नाही, ताई," साहेब म्हणाले. "आयुष्यभर एवढी भीती बाळगली. हा प्रश्न येईल याची तेवढी बाळगली नव्हती."

त्यानंतर बरेच दिवस आम्हाला गोष्ट मिळाली नाही. ते सिलिंडरची तारीख वाचत, खटका ओढत, दांडा धरत, आणि बाहेर बघत. संध्याकाळी अधूनमधून ते बसमध्ये नसत, तेव्हा ते कुठे गेले असतील हे आम्हाला माहीत असे. त्यांची मुलगी मशीनवर रुळली. बापाने एकदा "सोडतेस का?" असं विचारून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आमच्या लाइनवर नवीन पोरी येतायत. त्यांना वाट्यांवर मीच शिकवते आता." हे त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांना अभिमान वाटत होता की धास्ती, हे मला ओळखता आलं नाही. बहुतेक दोन्ही.

शेवटचं प्रकरण त्यांनी निवृत्तीच्या दिवशी सांगितलं, घरी परतताना. बबनभाऊंनी गाडी इतकी सावकाश चालवली, की मागचे रिक्षावाले शिव्या घालत पुढे जात होते. त्या प्रकरणात दगड कोसळला होता आणि रानूचा डावा हात गेला होता. राज्यातले सगळे जाणते जादूगार जमले आणि म्हणाले, आता हिची जादू संपली, खांब दोन आहेत. रानू उठली. टोप घालून पट्ट्याच्या आत गेली. उजवा तळवा एका खांबावर टेकवला. आणि म्हाताऱ्या जादूगाराने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. तो पट्टा ओलांडून आत गेला, तिच्या डाव्या बाजूला, जिथे हात नव्हता तिथे उभा राहिला, आणि दुसऱ्या खांबावर त्याने आपला तळवा टेकवला. मग रानूने मंत्र म्हटला आणि धुरकट डोंगरांवर पहिल्यांदा स्वच्छ ऊन पडलं.

निखिलने विचारलं, "साहेब, तिला भीती नाही वाटली?"

"वाटली की," साहेब म्हणाले. "म्हाताऱ्याला जास्त वाटली."

ते आता मुलीकडे चिखलीला राहतात. कादंबरी अजून कोणी छापलेली नाही. त्या पुण्यातल्या प्रकाशकांनी शेवट चांगला आहे, पण सतरंजीचा कठडा काढा, असं कळवलं, आणि साहेबांनी ठाम नकार दिला. हिंगोलीची ती मुलगी आता एका कंपनीत क्वालिटीला आहे आणि त्यांना नेमाने फोन करते. साहेबांच्या पदावर नवा सेफ्टी ऑफिसर आला आहे. गुणी मुलगा आहे, बसमध्ये मागच्या सीटवर बसला की झोपतो. माझ्या मुलाने मागच्या महिन्यात नवी बाईक घेतली आणि तो तिच्यावरून तळवड्याला कामाला जातो. त्या दिवसापासून मला एक सवय लागली आहे. बस सुटली की मी समोरच्या दांड्यावर दोन्ही तळवे टेकवते, लांब लांब, आणि त्याचा 'पोचलो' असा मेसेज येईपर्यंत उचलत नाही. वाटेपलीकडच्या सीटवर कोणी नसतं, पण दांड्याचं ते दुसरं टोक कोणीतरी धरून ठेवलं आहे, असं मला रोज वाटतं.